इतिवृत्तात ‘पाय घसरून पडला’ असे लिहिले आहे. ते वाक्य दुरुस्त करावे का?

प्रश्न : होटगी रस्ता (या चर्चेतली सर्व नावे टोपणनावे आहेत)

नमस्कार. सोलापुरात होटगी रस्त्यालगत असलेल्या बारा सदनिकांच्या एका लहान गृहनिर्माण संस्थेचा मी मानद सचिव आहे. आयुष्यभर कारकुनी केल्यामुळे टिपण, खुलासा, इतिवृत्त असले लेखन माझ्या हाताला सवयीचे आहे, आणि आजची माझी अडचण त्या सवयीतूनच आलेली आहे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. उजनी धरणातून येणारे पाणी काही दिवसांच्या अंतराने सुटते आणि ते सुटले की पुढच्या पाळीपर्यंत पुरेल इतके साठवून ठेवावे लागते. म्हणून इथल्या बहुतेक इमारतींखाली जमिनीत हौद असतो. आमचा हौद नऊ फूट खोल आहे. दिवाळीपूर्वी तो साफ करण्यासाठी आम्ही एका मजुराला रोजंदारीवर बोलावले. आत उतरताना तो पडला, पायाचे हाड मोडले आणि डॉक्टरांनी तीन महिने उभे राहण्याचे काम करू नका असे सांगितले.

पुढच्या सभेच्या इतिवृत्तात मी असे लिहिले : ‘हौदाच्या साफसफाईच्या वेळी मजूर पाय घसरून पडला, असा अपघात घडला व त्यात तो जखमी झाला. संस्थेतर्फे माणुसकीच्या भावनेतून त्यास रुपये पाच हजारांची मदत करण्यात आली.’ कोणालाही टोचणार नाही असे वाक्य साधले याचे मला समाधान वाटत होते, हे प्रामाणिकपणे सांगतो.

दरम्यान सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वेगळेच चालले होते. पहिल्या दिवशी ‘बिचारा’, ‘नशीब बलवत्तर म्हणून वाचला’ असे संदेश आले. संध्याकाळपर्यंत ‘या लोकांना सांगून कळत नाही’ असे सुरू झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी ‘घेतली असेल’ असे लिहिले आणि रात्रीपर्यंत त्यातला ‘असेल’ गळून पडला. मी स्वतः त्या मजुराबरोबर सकाळी चहा घेतला होता. त्याच्या तोंडाला कसलाही वास नव्हता. तरीही मी गटावर काही लिहिले नाही.

त्याची पत्नी विड्या वळते. ती पैसे न्यायला आली तेव्हा पावतीबरोबर मी तिला इतिवृत्तातला तो मजकूर वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘साहेब, ह्यात माझा नवरा घसरला, पडला, जखमी झाला. सगळं त्यानंच केलंय. तुम्ही काय केलं, ते कुठं हाय ह्यात?’

माझ्या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. तरीही त्या बाईंचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. वाक्य खरे असूनही दोष एका माणसाच्या अंगावर कसा काय ढकलला जातो, आणि घडून गेलेल्या गोष्टीची जबाबदारी आपल्या नुसत्या बोलण्या-लिहिण्याने कशी वाटली जाते, याविषयी जाणकारांनी लिहावे. मंजूर झालेले इतिवृत्त दुरुस्त करता येते, त्याची पद्धत मला ठाऊक आहे. ते करावे का, हा माझा प्रश्न आहे.

व्याकरणाचा मास्तर

सचिवसाहेब, त्या बाईंनी जे विचारले ते व्याकरणदृष्ट्या अचूक आहे. शाळेत आम्ही मुलांना ‘क्रिया करणारा तो कर्ता’ अशी व्याख्या पाठ करायला लावतो. ‘शेतकऱ्याने रान नांगरले’ या वाक्यात ती व्यवस्थित लागू होते. ‘मजूर पडला’ या वाक्यात मात्र कर्ता मजूर असला तरी त्याने केलेले असे काहीच नाही. जे काही आहे ते त्याच्या वाट्याला आलेले आहे. व्याकरण त्याला कर्त्याची खुर्ची देते, आणि वाचणारा त्या खुर्चीकडे पाहून मनाशी ठरवून टाकतो की यानेच काहीतरी केले असणार. मरण पावलेला माणूससुद्धा ‘मेला’ या क्रियापदाचा कर्ताच असतो.

मराठीत अशा क्रियापदांच्या जोड्या आहेत. पडणे आणि पाडणे, फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, सुटणे आणि सोडणे, जळणे आणि जाळणे. पहिल्या रूपात गोष्ट आपोआप होते. दुसऱ्यात ती कोणीतरी करते. आपल्या गावात ‘आज पाणी सुटले नाही’ असे म्हणण्याची पद्धत आहे. ‘आज पाणी सोडले नाही’ असे म्हटले की लगेच ‘कोणी सोडले नाही?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि पहिल्या वाक्याने तो उभाच राहत नाही. वर्षानुवर्षे पहिले वाक्य बोलून आपण पाण्याला पावसासारखे करून ठेवले आहे : आले तर आले, नाहीतर आकाशाकडे पाहायचे. उन्हाळ्यात उजनीचा साठा मृतसाठ्याच्या खाली जायला लागला की ‘धरण मायनसमध्ये गेले’ असे आपण म्हणतो. जणू धरणच उठून तिकडे गेले. आवर्तने कोणी ठरवली आणि पाणी कोणत्या पिकाला गेले, हे त्या वाक्यात मावत नाही.

गिरण्यांचेही तेच. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्यांपर्यंत सगळ्यांविषयी सोलापूरकर ‘बंद पडली’ असेच बोलतो. चालता चालता माणसाला भोवळ यावी तशा गिरण्या पडत गेल्या. ‘बंद पाडली’ हे रूप ऐकू आले ते संपाविषयी बोलताना, आणि तेव्हा त्या क्रियापदाचा कर्ता कामगार असे. एकाच घटनेविषयी मालकाच्या बाजूने ‘पडली’ आणि कामगाराच्या बाजूने ‘पाडली’ ही विभागणी आपण कधी केली, ते आपल्याही लक्षात आले नाही.

आता तुमच्या मजकुरातली दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचा. पहिल्या वाक्यात, म्हणजे जिथे इजा झाली तिथे, संस्था कुठेही नाही. दुसऱ्या वाक्यात, जिथे पैसे दिले गेले तिथे, ‘संस्थेतर्फे’ ती हजर आहे. मदतीला कर्ता आहे आणि अपघाताला नाही. हे तुम्ही ठरवून केलेले नाही, याची मला खात्री आहे. कार्यालयीन मराठीच्या वळणाने ते तुमच्याकडून करवून घेतले. (माझेही ‘करवून घेतले’ हे वाक्य पाहा. दोष लगेच वळणावर गेला.)

एक सावधगिरीही सांगतो. ‘पडला’ हे रूप प्रत्येक वेळी लबाडीचे नसते. त्याला कोणी ढकलले नव्हते, म्हणजे तो पडलाच. ‘पाडला’ लिहिणे खोटे ठरले असते. तेव्हा क्रियापद बदलून काम होणार नाही. त्या क्रियापदाच्या आधी काय होते आणि काय नव्हते, ते लिहावे लागेल. तो हौदात उतरला कशाने?

होटगी रस्ता

मास्तर, तुम्ही नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले. तो हौदाच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी पायऱ्यांवरून उतरला. त्यातल्या खालच्या दोन पायऱ्या गंजून निघालेल्या होत्या. शिडी दिलेली नव्हती.

बाळीवेस

इतका काथ्याकूट कशासाठी चालला आहे, ते मला कळले नाही. संस्थेचा विमा काढा, पुढच्या वेळी ठेकेदारामार्फत काम करून घ्या आणि इतिवृत्तात कमीत कमी लिहा. जेवढे जास्त लिहाल तेवढे जास्त अंगाशी येते.

कोर्ट आवार

बाळीवेस यांचा सल्ला व्यवहारात अनेक जण देतात, आणि तो ऐकूनच आपली इतिवृत्ते इतकी गुळगुळीत झालेली आहेत. चाळीस वर्षे दिवाणी आणि फौजदारी दोन्हीकडे काम केलेली स्त्री म्हणून काही गोष्टी लिहिते.

दोष आणि जबाबदारी हे दोन शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो. कायद्यात त्यांच्या वाटा बऱ्याच पूर्वी वेगळ्या झाल्या. दोष म्हणजे कोणाची चूक होती आणि ती किती गंभीर होती, याचा निवाडा. जबाबदारी म्हणजे झालेले नुकसान कोणी भरून द्यायचे, याचा निवाडा. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याने आपल्याकडे हे तत्त्व आणले की, काम करताना कामगाराला इजा झाली तर मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर टाकायचे नाही. इजा कामातून आणि कामाच्या ओघात झाली, एवढे पुरे. असे का केले असावे, याचा विचार केला तर लक्षात येते की कारखान्यातल्या अपघाताला बहुधा एकच एक चूक करणारा सापडत नाही. एकाने तेल दिलेले नसते, दुसऱ्याने पट्टा बदललेला नसतो, तिसरा घाई करत असतो. दोषाच्या मागे लागले की प्रत्येकाचा वाटा इतका लहान निघतो की कोणाच्याच पदरात काही पडत नाही, आणि मोडलेला पाय मात्र एकाचाच राहतो.

त्या कायद्यात मालकाला काही बचाव ठेवलेले होते. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले नसेल, तर ‘कामगार त्या वेळी नशेत होता आणि इजा त्याचाच थेट परिणाम होती’ हा त्यांतला एक. आता तुमच्या गटावरचा ‘घेतली असेल’ हा संदेश पुन्हा वाचा. लिहिणाऱ्याने कायदा वाचलेला नसणार, पण मालकाला कायद्याने दिलेला बचाव त्याच्या तोंडी आपसूक आला. न्यायालयात तो बचाव मालकाला सिद्ध करावा लागतो. गटावर तो एका रात्रीत, पुराव्याशिवाय सिद्ध झाला. आणि ज्याला खरे माहीत होते, तो साक्षीदार गप्प बसला. रागावू नका, सचिवसाहेब. तुम्हीच ते लिहिले आहे म्हणून बोलते. तुमच्या संस्थेला आज नेमकी कोणती तरतूद लागू होते, ते एखाद्या वकिलाला कागद दाखवून विचारा. या चर्चेवर विसंबून राहू नका.

‘मदत’ या शब्दालाही माझी हरकत आहे. मदत देणाऱ्याच्या मर्जीची असते आणि घेणाऱ्याने तिचे आभार मानायचे असतात. भरपाई देणे लागते. तुम्ही ‘माणुसकीच्या भावनेतून’ असे लिहून रक्कम मर्जीच्या खात्यात टाकली, म्हणजे एक रुपया दिला असता तरी तो माणुसकीचाच ठरला असता.

मास्तरांनी जुन्या गिरणीचा उल्लेख केला, म्हणून एक जुना दाखला देते. १९४९ साली ती गिरणी बंद झाली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले, तेव्हा केंद्र सरकारने जानेवारी १९५०मध्ये अध्यादेश काढून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला आणि पुढे त्याचा कायदा केला. त्याच्या प्रास्ताविकेत म्हटले होते की, गैरव्यवस्थापन आणि हयगय यांमुळे कंपनीच्या कारभारात अशी परिस्थिती उद्भवली आहे की जीवनावश्यक मालाच्या उत्पादनाला धक्का बसला असून एका वर्गात गंभीर बेकारी निर्माण झाली आहे. परिस्थिती ‘उद्भवली’ आणि बेकारी ‘निर्माण झाली’. हयगय कोणाची, हे प्रास्ताविका सांगत नाही. एका भागधारकाने हा कायदा सर्वोच्च न्यायालयात नेला. डिसेंबर १९५०मध्ये पाचांपैकी तीन न्यायमूर्तींनी कायद्याच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती पतंजली शास्त्री आणि न्यायमूर्ती दास यांनी मात्र एकाच कंपनीला असे वेगळे काढण्यावर आक्षेप घेतला. १९५३च्या अखेरीस दुसऱ्या एका भागधारकाच्या खटल्यात तोच अध्यादेश मालमत्तेच्या हक्काच्या मुद्द्यावर टिकला नाही. विद्यार्थिदशेत हे निकाल वाचताना मला एक गोष्ट खटकली होती, ती अजून खटकते : दोन्हीकडे वाद भागधारकांच्या हक्कांचा झाला, आणि ज्यांच्या बेकारीचे नाव काढून कायदा केला ते कामगार प्रास्ताविकेतल्या अर्ध्या ओळीपुरते उरले.

भोपाळच्या बाबतीत आपण आजही ‘वायुगळती’ म्हणतो. गळणे हे मास्तरांच्या जोडीतले पहिले रूप. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोप सदोष मनुष्यवधावरून निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होण्यापर्यंत खाली आणले, आणि २०१०मध्ये भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. न्यायालयाने तो शब्द पाहून निर्णय दिला असे मी म्हणणार नाही. पण पंचवीस वर्षे गळती, गळती म्हणत राहिलेल्या समाजाला त्या शिक्षेचे जितके आश्चर्य वाटायला हवे होते, तितके वाटले का?

रात्रपाळी

मी एका दैनिकाच्या उपसंपादकीय विभागात काम करतो. वरची चर्चा वाचून आमच्या बाजूनेही काही लिहावेसे वाटले, कारण ‘अपघात घडला’ हे वाक्य रोज सर्वांत जास्त वेळा आम्हीच छापतो.

बातमी येते तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि पोलीस ठाण्यातून ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ एवढेच मिळालेले असते. त्या घटकेला ‘अमक्याने मारले’ असे लिहिणे धोक्याचे तर असतेच, शिवाय ते अन्यायाचेही असू शकते. कर्ता न लिहिणे ही दर वेळी पळवाट नसते. कधी कधी ते पुराव्याची वाट पाहणे असते. खरी अडचण पुढे येते. चौकशी होऊन कर्ता सापडतो, तेव्हा ती बातमी सातव्या पानावर चार ओळींत जाते किंवा जातच नाही, आणि वाचकाच्या डोक्यात पहिल्या रात्रीचे वाक्यच कायम राहते.

याच्या उलटही आम्ही करतो. ‘गुन्हा दाखल’ हा मथळा घ्या. पोलिसांकडे दाखल होते ती खबर. कायद्याच्या भाषेत ती प्रथम खबर असते, म्हणजे कोणीतरी काहीतरी सांगितले आणि पोलिसांनी ते लिहून घेतले. मराठीत मात्र आपण सरळ गुन्हाच दाखल करून मोकळे होतो. ‘आरोपी’ म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो; पण ‘आरोपीसारखा वागतोस’ असे घराघरांत म्हटले जाते, तेव्हा त्याचा अर्थ अपराधी एवढाच उरलेला असतो. निर्दोष सुटलेल्या माणसाविषयी आम्ही ‘पुराव्याअभावी सुटका’ असे छापतो आणि त्यातल्या ‘अभावी’ने त्याला जन्मभरासाठी अर्धवट दोषी करून ठेवतो.

चिमणीची आठवण इथे करून देतो. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाशेजारी असलेल्या साखर कारखान्याची सुमारे नव्वद मीटर उंचीची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. त्याआधी कित्येक वर्षे ‘चिमणीमुळे विमानसेवा रखडली’ हे वाक्य आमच्याकडे इतक्या वेळा छापले गेले की चिमणीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असल्यासारखे वाटू लागले. ‘मुळे’ हा शब्द फार सोयीचा आहे. तो लावला की वस्तू कर्ता होते आणि माणसे प्रेक्षक होतात. परवानगी कोणी दिली, कोणी नाकारली आणि कोणाचे दुर्लक्ष झाले, हे प्रश्न चिमणीच्या सावलीत गेले. नियमित प्रवासी विमान उडाले ते ९ जून २०२५ रोजी, म्हणजे ती पाडल्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी. त्या दोन वर्षांसाठी आम्हाला नवा ‘मुळे’ शोधावा लागला, हे विनोदाने सांगतो, पण ते खोटे नाही.

सेटलमेंटचा नातू

आतापर्यंतची सगळी चर्चा कर्ता गायब कसा होतो याविषयी झाली. आमच्या घरचा अनुभव उलटा आहे. आमच्यापुढे क्रिया नसतानाच कर्ता ठरलेला होता.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यात लागू करता आला. एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर झाली की त्या जमातीत जन्मलेल्या प्रत्येकाची नोंद, हजेरी आणि हालचालींवर बंधन, असा तो कारभार होता. सोलापुरात तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत होती. त्या भागाला लोक अजूनही ‘सेटलमेंट’ म्हणतात. माझे आजोबा त्या कुंपणात वाढले. दिवसा गिरणीत काम करायचे, संध्याकाळी कुंपणाच्या आत येऊन हजेरी द्यायची, आणि बाहेरगावी जायचे तर पास घ्यायचा. त्यांनी काय केले होते, असे मी लहानपणी विचारले तेव्हा ते म्हणाले होते, ‘जन्म घेतला.’

इथे कायद्याच्या भाषेने केलेली करामत पाहा. चोरी ही क्रिया आहे. ती केव्हा, कुठे, कोणी केली असे विचारता येते. ‘गुन्हेगार जमात’ यात विचारण्यासारखे काहीच शिल्लक राहत नाही, कारण गुन्हा हा त्या माणसाचा स्वभाव किंवा त्याच्या रक्ताचा रंग होऊन बसतो. त्यात एक विचित्र विसंगती आहे, जी आजोबांना कळत होती पण शब्दांत मांडता येत नव्हती. जो माणूस जन्मानेच गुन्हेगार, त्याला गुन्हा न करण्याची मुभाच नसते. आणि ज्याला मुभा नाही, त्याला दोष तरी कसा द्यायचा? तरीही दोष पूर्ण त्याचा धरला जाई आणि निवड करण्याची ताकद मात्र त्याच्याकडे नाही असे मानले जाई. सुधारणेच्या नावाने वसाहत चालवणाऱ्यांना ही विसंगती टोचत नव्हती, कारण ती त्यांच्या सोयीची होती.

देशभरात तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला आणि आम्ही ‘विमुक्त’ झालो. १९५९मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला. कागदावर त्यात जमात नव्हती. पण ‘सराईत’ हा शब्द वर्तमानपत्रातून वाचताना आमच्या वस्तीत तो कोणाला उद्देशून आहे, ते कोणाला समजावून सांगावे लागले नाही. तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणारे उल्लेख चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगावे लागले. कायदा संपल्यानंतर बहात्तर वर्षे तो शब्द नियमावलीत सुखाने राहत होता.

म्हणून सचिवसाहेब, तुमच्या गटावरचा ‘या लोकांना सांगून कळत नाही’ हा संदेश मला ‘घेतली असेल’ याहून जास्त गंभीर वाटतो. दारूचा आरोप निदान एका माणसावर, एका सकाळपुरता आहे. तो खोटा ठरवता येतो आणि तुम्ही तो ठरवू शकता. ‘या लोकांना’ हे खोडायचे कसे?

व्याकरणाचा मास्तर

नातू यांच्या लिहिण्यानंतर माझ्या क्रियापदांच्या जोड्या थोड्या पोरकट वाटू लागल्या आहेत, तरी एक भर घालतो. गौरवाचा शब्दसुद्धा हेच काम करू शकतो. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिली गेली. मे १९३०मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात उठाव झाला, गोळीबार झाला, पोलीस मारले गेले, लष्करी कायदा पुकारला गेला, आणि पोलिसांच्या हत्येबद्दल या चौघांना दोषी धरण्यात आले. सरकारी दफ्तरात ते खुनी होते. गावाने त्यांना हुतात्मे म्हटले, आणि ते योग्यच केले असे मी मानतो. मात्र वर्गात मी मुलांना विचारतो की, त्यांनी ते कृत्य केले नव्हते आणि तरी त्यांना फासावर दिले म्हणून ते हुतात्मे, की लढ्यात उतरण्याचे त्यांनी स्वतः ठरवले म्हणून? मुले गोंधळतात. पहिल्या उत्तरात सरकारचा अन्याय दिसतो आणि ती चार माणसे केवळ बळी होतात. दुसऱ्या उत्तरात त्यांची स्वतःची निवड दिसते. पुतळ्याखालच्या एका शब्दात दोन्ही उत्तरे मिसळून गेलेली आहेत. वर्षातून एकदा हार घालताना आपण त्यांतले एकही वेगळे काढत नाही.

रात्रपाळी

मास्तर, हा प्रश्न वर्गाबाहेर विचारून पाहा, म्हणजे आमच्याकडे किती पत्रे येतात ते कळेल.

होटगी रस्ता

सर्वांचे मनापासून आभार. काय केले ते कळवतो.

गटावर मी लिहिले की, त्या सकाळी मजुराबरोबर मी चहा घेतला होता आणि तो पूर्ण शुद्धीत होता. एक अंगठा आला, बाकी शांतता. ‘या लोकांना’ लिहिणाऱ्या सभासदांना मी वैयक्तिक फोन केला; ते म्हणाले की त्यांच्या मनात तसे काही नव्हते, सहज लिहिले गेले. ‘लिहिले गेले’ हे रूप ऐकून मला मास्तर आठवले.

इतिवृत्ताच्या दुरुस्तीचा मसुदा मी काल समितीपुढे ठेवला : ‘हौदाच्या पायऱ्यांपैकी खालच्या दोन पायऱ्या निखळलेल्या आहेत हे समितीला ठाऊक होते. समितीने त्या दुरुस्त केल्या नव्हत्या. सचिवांनी मजुरास शिडी दिली नाही. आत उतरताना तो पडून त्याचा पाय मोडला. संस्था त्यास तीन महिन्यांच्या मजुरीइतकी भरपाई देणे लागते.’

बरीच चर्चा होऊन ‘भरपाई’ हा शब्द दोन मतांच्या फरकाने मंजूर झाला, याचे मलाच आश्चर्य वाटले. पायऱ्यांविषयीची वाक्येही राहिली. हरकत आली ती शिडीच्या वाक्याला. अध्यक्षांचे म्हणणे असे पडले की सचिवांनी स्वतःवर इतके ओढवून घेऊ नये, आणि त्यांनी आपुलकीने सुचवले की त्या जागी ‘शिडी उपलब्ध नव्हती’ असे लिहावे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही क्षणभर हो म्हणणार होतो.

शिडी उपलब्ध होती. गेल्या वर्षी रंगकामासाठी आणलेली बारा फुटी शिडी माझ्याच जिन्याखाली आहे. तिच्यापुढे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि कूलर ठेवलेला होता, आणि ते सगळे हलवायचा मला त्या सकाळी कंटाळा आला. हे मी सभेत सांगितले. मसुदा पुढच्या रविवारपर्यंत तहकूब आहे.